लेआउटमधल्या लोकांना नवीन नगराध्यक्ष आणि नगरसेवकांची ओळख कशी करून द्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नागपूरहून अर्ध्या तासावर, नगरपरिषदेच्या हद्दीत घर घेतलं. निवडणूक झाली, नवीन लोक आले. लेआउटमधले, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या नव्या वस्तीतले सगळे तुमच्यासारखेच बाहेरून आलेले, कोणी कोणाला ओळखत नाही. म्हणून ओळखीचा कार्यक्रम ठेवायचा आहे. तो कसा ठेवावा, आणि बॅनरवर 'महापौर' लिहायचं की 'नगराध्यक्ष'?

मी अशाच एका लेआउटच्या समितीचा सचिव आहे. दुकान सीताबर्डीला, राहणं इकडं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं रडगाणंही आहे. असे दोन कार्यक्रम केले आहेत. पहिला फसला, दुसरा बऱ्यापैकी जमला.

आधी बॅनरचं. महापौर महानगरपालिकेला असतो, म्हणजे नागपूर शहराला. कामठी, उमरेड, काटोल, सावनेर, रामटेक, वाडी इथे नगराध्यक्ष. (नागपूरही 1951 पर्यंत नगरपालिकाच होतं, तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नका.) देवेंद्र फडणवीस 1997 मध्ये, अगदी तरुण वयात नागपूरचे महापौर झाले होते, तेव्हापासून आपल्याकडे 'महापौर' शब्दाला जरा जास्तच वजन आलं आहे. पण नगराध्यक्षांना महापौर म्हटलं तर ते खूश होतील आणि बाकीचं गाव हसेल.

फरक नुसता नावाचा नाही. महापौराला नगरसेवक आपल्यातूनच निवडतात, अडीच वर्षांसाठी. नगराध्यक्ष सध्या थेट लोकांच्या मतावर येतो. 'सध्या' म्हणतो, कारण हा नियम 2016 मध्ये थेट झाला, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांच्या हाती गेला आणि 2022 मध्ये परत थेट झाला. म्हणून डिसेंबर 2025 च्या मतदानात नगरपरिषदेच्या मतदारांनी साधारण तीन बटणं दाबली, एक नगराध्यक्षासाठी आणि दोन प्रभागातल्या दोन जागांसाठी. बेसा-पिपळा किंवा महादुल्यासारख्या नगरपंचायतीत दोनच, कारण तिथे प्रभागाला एकच सदस्य. मतमोजणी 3 डिसेंबरला व्हायची ती हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने 21 तारखेवर गेली. आमच्या चौकातला पानठेलेवाला म्हणाला, इतके दिवस सगळ्याच पक्षांचे लोक त्याच्याकडे सारख्याच पडलेल्या चेहऱ्याने येत होते.

थेट निवडीचा एक परिणाम तुमच्या कार्यक्रमावर होतो. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. मग खुर्च्यांपासून कुरबुर सुरू. आम्ही यंदा स्टेजच घातलं नाही. पाहुण्यांच्या खुर्च्या खालीच गोलात मांडल्या, कोणाच्याही गळ्यात पक्षाचा दुपट्टा नको असं आधीच फोनवर सांगितलं. मंदिराचं सभागृह फुकट मिळत होतं, तेही घेतलं नाही. त्या मंदिराच्या ट्रस्टमध्ये एका गटाची माणसं आहेत, दुसऱ्या गटाचे लोक आलेच नसते.

आता पहिला कार्यक्रम, 2017 चा. सगळ्याच नगरसेवकांना बोलावलं, ही मोठी चूक. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रत्येकाच्या नावाआधी कर्तव्यदक्ष, लाडके, धडाडीचे. प्रत्येकाचे 'दोन शब्द', आणि दोन शब्दांत आजवर कोणाचं भागलं आहे? स्वीकृत सदस्यही होते. ते निवडणुकीतून येत नाहीत आणि त्यांना सभेत मताचा अधिकार नसतो, पण भाषण सगळ्यांत लांब त्यांचंच झालं. दोन तास गेले आणि प्रश्नांना उरली आठ मिनिटं. आमच्या गल्लीतल्या एक काकू उठल्या, पदर खोचून म्हणाल्या, "भाऊ, ते राहू द्या. नाली केव्हा उपसून देता ते सांगा." सूत्रसंचालक म्हणजे मीच. मी म्हणालो, "काकू, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी आभारप्रदर्शन होतं. काकू अजूनही दिसल्या की मला विचारतात, "काऊन हो, शेवट झाला का तुमचा?"

यंदा जानेवारीत ठरवलं की चेहरे दाखवण्यापेक्षा कोणतं काम कोणाच्या हातात आहे ते लोकांना कळावं. बहुतेकांना वाटतं नगराध्यक्ष म्हणजे गावाचा मालक, त्याने म्हटलं की रस्ता झाला. तसं नसतं. कारभार चालतो 1965 च्या नगरपरिषद अधिनियमावर. नगराध्यक्ष सभेचं अध्यक्षपद सांभाळतो, विषय सभेपुढे आणतो, देखरेख ठेवतो. कारभाराची सही मुख्याधिकाऱ्याची, आणि तो राज्य सरकारचा माणूस, बदली होऊन येतो आणि बदली होऊन जातो. आपल्याकडच्या बहुतेक नगरपरिषदांत 2022 च्या आसपास मुदत संपल्यापासून प्रशासकच होते, म्हणजे नगरसेवकांविना कारभार पाहणारे सरकारी अधिकारी. त्या काळात लोकांना नगरसेवकाकडे जायची सवयच सुटली. अर्ज थेट ऑफिसात द्यायचा आणि पोच घेऊन यायचं, बस.

नगरसेवकाची खरी ताकद सर्वसाधारण सभेत असते. ती कायद्याने किमान दोन महिन्यांतून एकदा घ्यावी लागते. सभेत विषय यायचा तर तो विषयपत्रिकेवर पाहिजे, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटी कोंबला जातो, तेव्हा अर्धे सदस्य गाडीची किल्ली शोधत असतात. म्हणून नगरसेवकाला "आमचा रस्ता करा न भाऊ" म्हणण्यात अर्थ नाही. ते "हो न, करून टाकू" म्हणतात आणि खोटंही बोलत नसतात, त्यांनाही करायचाच असतो. त्याऐवजी विचारा, "पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेता का?" मग सभा झाल्यावर ठराव क्रमांक मागा.

इथे माझं रडगाणं. आमचा मागच्या बाजूचा रस्ता तीन वर्षं 'मंजूर' होता. दर भेटीत तेच उत्तर, मंजूर आहे. शेवटी बांधकाम विभागात बसणाऱ्या एका बाबूंनी चहा घेता घेता समजावलं, "साहेब, मंजूर म्हणजे काय मंजूर?" ठराव झाला तरी मंजूर म्हणतात. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळाली तरी मंजूर, प्रशासकीय मान्यता आली तरी मंजूर. निविदा निघाली तरी तेच. कार्यादेश हातात पडून ठेकेदाराचा मुरूम टाकला जातो तेव्हा ते काम. आमचा रस्ता तीन वर्षं पहिल्याच पायरीवर होता, कारण ठरावात निधी कोणत्या शीर्षातून, म्हणजे कोणत्या योजनेच्या खात्यातून, ते लिहिलंच नव्हतं. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, वित्त आयोग, प्रत्येकाची अट वेगळी. वित्त आयोगाचा बंधित निधी तर पाणी आणि स्वच्छतेवरच लावावा लागतो, तो उचलून डांबरात टाकता येत नाही. तेव्हापासून लेआउटमधला प्रत्येक जण 'मंजूर' शब्द ऐकला की विचारतो, कोणत्या पायरीवर? नवीन नगरसेवकांना याचा जरा त्रास होतो, पण चार दिवसांत तेही तसंच बोलायला लागतात.

तर यंदाचा कार्यक्रम. फक्त आमच्या प्रभागातले दोघं आणि नगराध्यक्ष. मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः न येता पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना पाठवलं. आणि एक माणूस आम्ही हट्टाने बोलावला, व्हॉल्वमन, म्हणजे नळाचं पाणी सोडणारा. रविवारी सकाळी सातला, आधी प्रभागात पायी फेरी, मग बसून बोलणं.

आमच्या दोनपैकी एक जागा महिलांची, निम्म्या जागा महिलांना असतातच. ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या. फेरीत ताईंच्या पुढे दोन पावलं त्यांचे यजमान. कोणीही काही विचारलं की भाऊच उत्तर द्यायचे. "मी सांगतो न, पाहून राहिलो मी ते." हे सगळीकडे असंच चालतं, त्या भाऊंवर माझा राग नाही. पण आम्ही ओळख कोणाची करून देत होतो? फेरी संपून बसलो तेव्हा आमच्या समितीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकांनी भाऊंचा हात धरून त्यांना श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत, स्वतःच्या शेजारी बसवलं. "भाऊ, तुम्ही आता आमच्याकडून." सगळे हसले, तेही हसले. माईक ताईंच्या हातात. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं त्या 'मी सर्वांची आभारी आहे' म्हणत राहिल्या. मग त्याच काकूंनी नालीचा विषय काढला, आणि ताई एकदम वेगळ्याच झाल्या. बचत गटाच्या वसुलीसाठी त्या या गल्ल्यांतून सात-आठ वर्षं फिरलेल्या. म्हणाल्या, "काकू, तुमची नाली उपसून काही होत नाही. पुलाच्या खाली उतार उलटा आहे. पलीकडच्या चार घरांनी बाथरूमचं पाणी त्यातच सोडलं आहे, गडर लाईन तिकडे गेलीच नाही." भाऊ मधे काही बोलायला गेले तर, "थांबा हो तुम्ही." ती माहिती ऑफिसातल्या फायलीत नव्हती. अभियंत्यांनी तिथल्या तिथे डायरीत टिपून घेतली.

व्हॉल्वमनला बोलायला उठवलं तेव्हा तो लाजला. पण लोकांनी सगळ्यांत जास्त प्रश्न त्यालाच विचारले. आमच्याकडे नळ शेवटी का येतो? त्याने सांगितलं, आमच्या बाजूचा व्हॉल्व शाळेच्या मागे आहे, पहिला भाग चालू असताना तो उघडला तर दोन्हीकडे करंगळीएवढी धार येते. म्हणून आधी तिकडे, मग इकडे. नगराध्यक्षही ऐकत होते, त्यांनाही हे नवीन होतं असं चेहऱ्यावरून वाटलं. दहा वर्षं आम्ही समजत होतो की वरच्या लेआउटवाल्यांचा वशिला आहे.

आणखी काही गोष्टी भरभर सांगतो. नगरपरिषदेच्या हातात काय नाही तेही लोकांना आधी सांगा, म्हणजे अर्धा वेळ वाचतो. खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा. गावातून जाणारा हमरस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. घराच्या नकाशाचं दुखणं असेल तर आधी कागद काढून पाहा की मंजुरी कोणाची, नगरपरिषदेची की एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). चुकीच्या दारात कितीही वाजवलं तरी उघडत नाही. विषय समित्यांचे सभापती ठरले असतील तर पाणीपुरवठ्याचे सभापती कोण ते विचारून ठेवा. सभापतिपदाची मुदत संपली तरी पुढे जन्मभर 'सभापती साहेब' म्हणावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

हरलेला उमेदवार तुमच्याच लेआउटमध्ये राहत असेल तर त्यालाही बोलवा. आमच्याकडे एक आहेत. मागच्या रांगेत बसले, कपाळाला आठ्या, पण ताईंचं नालीचं ऐकून मान हलवत होते. नंतर नालीच्या अर्जावर सही करणाऱ्यांत त्यांची सही तिसरी.

कार्यक्रमानंतर एका पानाचं पत्रक काढा. नगराध्यक्ष आणि नगरसेवकांची परवानगी घेऊन त्यांचे नंबर, प्रभाग क्रमांक, आणि त्याखाली व्हॉल्वमन, सफाईचे जमादार, दिव्याच्या तक्रारीचा नंबर. आम्ही ते चक्कीवर आणि पानठेल्यावर लावलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही टाकलं, पण तिथे ते अर्ध्या तासात गुड मॉर्निंगखाली गाडलं गेलं. चक्कीवरचं अजून आहे, पिठाने पांढरं झालं आहे, पण नंबर वाचता येतात.

खाण्याचं विचारलं नाही तुम्ही, तरी सांगतो. तर्री-पोहे ठेवा, पण बोलणं संपल्यावर. 2017 ला आधी ठेवले होते. पोहे संपले तशी माणसं पांगली, आणि उरलेल्या रिकाम्या खुर्च्यांना मी नगराध्यक्षांची ओळख करून देत होतो.