फोर्टीनायनर्सच्या इतिहासात पास झेलणारा सर्वांत भारी रनिंग बॅक कोण, क्रेग की मॅकॅफ्री?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाच्या रनिंग बॅकपैकी, म्हणजे मुख्यतः बॉल घेऊन धावणाऱ्या खेळाडूंपैकी, पास झेलण्यात वरचढ कोण, रॉजर क्रेग की ख्रिश्चन मॅकॅफ्री, आणि या दोघांशिवाय आणखी कुणाचं नाव घ्यावं का. माझं उत्तर क्रेग. मॅकॅफ्रीचा एकही सामना मी चुकवत नाही, तो माझा जीव की प्राण आहे, तरीही क्रेगच.

आधी एक सांगतो, नुसते झेल मोजू नका. बॅककडे येणारा पास पुष्कळदा क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूचा, शेवटचा पर्याय असतो. लांबचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, अडकलेले, समोरून बचावपटू अंगावर येतायत, मग जवळच्या बॅकच्या हातात बॉल देऊन मोकळं व्हायचं. असे सहा झेल घेऊन माणूस दर वेळी तीन यार्डांवर आडवा झाला, तर आकडा फुगतो आणि संघ आहे तिथेच राहतो. मी दोनच गोष्टी बघतो. तो पास मुळात त्याच्यासाठी आखला होता का, आणि बॉल हातात आल्यावर त्याने पुढे काय केलं.

या संघात बॅकला पास देण्याची रीत रुजवली बिल वॉल्शने. १९७९ साली तो प्रशिक्षक झाला, तेव्हा संघ सोळापैकी दोन सामने जिंकला होता. बॉल घेऊन धावायला जागा मिळत नसेल तर छोटा पास हीच आपली धाव समजायची, असा त्याचा हिशोब होता. दुसऱ्याच वर्षी अर्ल कूपर या नवख्या फुलबॅकने (हाही रनिंग बॅकचाच एक प्रकार) ८३ झेल घेतले, रिसीव्हर ड्वाइट क्लार्कपेक्षाही एक जास्त. पण यार्ड किती, तर ५६७. झेलामागे सातसुद्धा नाहीत. कल्पना अचूक होती, ती पेलणारा माणूस यायचा होता.

तो १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या फेरीत मिळाला. क्रेग नेब्रास्काचा, म्हणजे धावण्यावरच जगणाऱ्या कॉलेजातला. गुडघे जवळजवळ छातीपर्यंत उचलत धावायचा, त्यामुळे खालून पाय धरायला जाणाऱ्याच्या हाती काही लागायचं नाही. जानेवारी १९८५ मध्ये मायामी डॉल्फिन्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने तीन टचडाउन केले (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन), त्यातले दोन पास झेलून. एका सुपर बोलमध्ये तीन टचडाउन करणारा तो पहिलाच. मग आला १९८५ चा हंगाम. धावून १,०५० यार्ड, झेलून १,०१६. दोन्हीकडे हजार याआधी कुणीच केले नव्हते. ९२ झेल, म्हणजे त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक, सगळे रिसीव्हर त्याच्या मागे. झेलामागे सरासरी अकरा यार्ड. ज्याला पर्याय उरला नाही म्हणून बॉल देतात, त्याची सरासरी अकरा नसते.

दोन्हीकडे हजारांचा हा पराक्रम पुढे मार्शल फॉकने १९९९ मध्ये केला आणि मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये. इथेच बरेच जण गल्लत करतात. मॅकॅफ्रीचे ते ११६ झेल आणि १,००५ यार्ड कॅरोलिना पँथर्सचे आहेत. तुमचा प्रश्न फोर्टीनायनर्सचा आहे, तेव्हा ते या खात्यात धरता येत नाहीत. इथे तो ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. आल्या आल्या त्याच महिन्यात रॅम्सविरुद्ध एकाच सामन्यात एक टचडाउन पास फेकून, एक धावून आणि एक झेलून केला. २०२३ मध्ये त्याचे ६७ झेल, ५६४ यार्ड.

पण निव्वळ कसब विचाराल तर मॅकॅफ्री क्रेगच्याही पुढे आहे, हे मी मनापासून मानतो. मी सनीवेलला राहतो, लेव्हाइज स्टेडियम जवळच आहे. तिथे अगदी वरच्या रांगेत बसलं की टीव्हीवर न दिसणारं दिसतं, कारण टीव्ही बॉलच्या मागे धावतो. मॅकॅफ्री बाजूच्या रेषेकडे सुटतो, चार-पाच पावलं, खांदेही तिकडेच. लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला बचावपटू, त्याला गाठायला वळतो आणि त्याचं वजन बाहेरच्या पायावर गेलं की हा गपकन आत मोडतो. वरून बघताना ती वाट कोपरात दुमडलेल्या हातासारखी दिसते. बॉल हवेत असतानाच लाइनबॅकरची चूक होऊन गेलेली असते. ही चाल पुष्कळ बॅक खेळतात, पण वळताना वेग जराही न मोडणारा मी दुसरा पाहिला नाही. त्याचे वडील एड मॅकॅफ्री रिसीव्हर होते आणि १९९४ च्या विजेत्या फोर्टीनायनर्स संघात होते. हे घरातूनच आलं असणार, असं मला वाटतं.

बाकीच्यांत रिकी वॉटर्सचं नाव घ्याच. १९९४ मध्ये ६६ झेल, ७१९ यार्ड, आणि सॅन दिएगोविरुद्धच्या सुपर बोलमध्ये पास झेलून ५१ यार्डांचा टचडाउन. तीनच हंगाम खेळून तो फिलाडेल्फियाला गेला, याची मला अजून हळहळ वाटते. फुलबॅक टॉम रॅथमनने १९८९ मध्ये ७३ झेल घेतले होते, हे आज कुणाच्या लक्षातही नसतं. फ्रँक गोर संघाचा सर्वांत मोठा धावणारा, पण या यादीत तो खालीच येईल.

क्रेगचं नाव निघालं की लोक जानेवारी १९९१ काढतात. सुपर बोलआधीच्या सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध १३-१२ ची आघाडी, शेवटची काही मिनिटं, त्याच्या हातून बॉल सुटला आणि शेवटच्या किकवर सामना १५-१३ असा गेला. लागोपाठ तिसरा सुपर बोल हुकला. चूक झालीच, पण तो बॉल झेललेला नव्हता, धावताना सुटला होता. त्या एका क्षणावर आठ हंगाम तोलणं मला अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा जानेवारी १९८९ चा सिनसिनाटीविरुद्धचा सुपर बोल काढून बघा. १६-१३ ने मागे, घड्याळात ३ मिनिटं १० सेकंद, समोर ९२ यार्ड. पहिला पास क्रेगला, आठ यार्ड. मधे पुन्हा क्रेग, तेरा. मग जेरी राइसने २७ यार्ड काढले आणि लगेच आणखी एकदा क्रेग, आठ यार्ड, बॉल दहा यार्डांच्या रेषेवर. सामनाभरात त्याचे आठ झेल, १०१ यार्ड. झेलून शंभरी गाठणारा सुपर बोलमधला तो पहिला रनिंग बॅक. जॉन टेलरने झेललेला तो शेवटचा टचडाउन सगळ्यांना आठवतो. पण ती चाल आखली होती क्रेगसाठी, क्वार्टरबॅक जो मॉन्टॅनाचा पहिला पर्याय तोच होता.