कर्बोदक, पिष्टमय पदार्थ, शर्करा आणि साखर: चार शब्दांचा गुंता

प्रश्न असा आला आहे: आहारावरच्या एका लेखाचं मराठीकरण करताना ‘कार्बोहायड्रेट’साठी कुणी ‘कर्बोदके’ लिहितं, कुणी ‘पिष्टमय पदार्थ’, तर कुणी सरळ ‘शर्करा’. हे तिन्ही एकच का? ‘कर्बोदित’ हे रूप बरोबर आहे का? आणि ‘रक्तातली साखर’ लिहावं की ‘रक्तशर्करा’?

थोडक्यात उत्तर: हे तिन्ही एक नाहीत. कर्बोदक हे सगळ्या कुटुंबाचं नाव. पिष्टमय पदार्थ ही त्यातली एक शाखा. शर्करा ही त्या कुटुंबातली लहान मंडळी, जी एकमेकांना जोडून मोठे रेणू बनतात. आणि साखर म्हणजे त्या लहानांतली एकच व्यक्ती, सुक्रोज. शब्दांची अदलाबदल केली की मजकुरातले आकडेही खोटे ठरतात, ते कसं हे पुढे येईलच.

आधी ‘कर्बोदक’. ज्याला ‘गंगोदक’ फोडता येतं त्याला हा शब्दही फोडता येईल. गंगा + उदक = गंगोदक, तसं कर्ब + उदक = कर्बोदक. ‘कर्ब’ म्हणजे कार्बन. ‘सेंद्रिय कर्ब’, ‘कर्बवायू’ यांतला तोच. ‘कार्बोहायड्रेट’ या मूळ शब्दाचा अर्थही अगदी हाच, कार्बन आणि पाणी. कार्ल श्मिट यांनी १८४४ मध्ये जर्मनमध्ये या गटाला हे नाव दिलं. त्यामागे साधा हिशेब होता. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे कार्बनचे ६ अणू आणि पाण्याचे ६ रेणू. सुक्रोजमध्ये कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२, ऑक्सिजनचे ११; म्हणजे १२ कार्बन आणि ११ पाणी. वजनात बोलायचं तर १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४२ ग्रॅम कार्बन, आणि उरलेल्या ५८ ग्रॅममध्ये हायड्रोजन व ऑक्सिजन नेमके पाण्यातल्याच प्रमाणात. साखर खूप तापवली की वाफ निघून जाते आणि मागे काळा कोळसा उरतो. ते पाहणाऱ्याला ‘पाणी शोषलेला कार्बन’ हे नाव पटलं असेल तर नवल नाही.

पण साखरेत पाणी पाण्याच्या रूपात नसतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू कार्बनच्या साखळीला वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेले असतात. शिवाय हे सूत्र दोन्ही बाजूंनी फसवं आहे. डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजमध्ये ५ कार्बन, १० हायड्रोजन, पण ऑक्सिजन फक्त ४. पाण्याचा हिशेब जुळत नाही, तरी ते कर्बोदकच. उलट व्हिनेगरमधल्या अॅसिटिक आम्लात २ कार्बन, ४ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. हिशेब चोख जुळतो, तरी ते कर्बोदक नाही. आज रसायनशास्त्रज्ञ रचना पाहतात: अनेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असलेले अल्डिहाइड किंवा कीटोन (कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले रेणू), आणि जलीय विच्छेदन केल्यावर, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने तोडल्यावर, असे रेणू देणारे पदार्थ, ही कर्बोदकं. नाव जुन्या समजुतीचं असलं तरी ते बदलायची गरज नाही. मात्र व्याख्या लिहिताना नावाची फोड हीच व्याख्या म्हणून देऊ नये. पाठ्यपुस्तकी टिपणांत ही चूक फार दिसते.

‘कर्बोदित’ वापरू नये असं माझं मत. संधी सोडवली तर कर्ब + उदित निघतं, आणि उदित म्हणजे उगवलेलं. पाण्याचा पत्ताच राहत नाही. ‘कार्बोदक’ हे ‘कार्बोहायड्रेट’ आणि ‘कर्बोदक’ यांची सरमिसळ आहे, तेही टाळावं. नपुंसकलिंगी शब्द, अनेकवचन कर्बोदके, सामान्यरूप कर्बोदकां-. आणि घाईत ‘हायड्रोकार्बन’साठी ‘कर्बोदक’ कधीही लिहू नये. हायड्रोकार्बनमध्ये ऑक्सिजन नसतो. पेट्रोल, मेणबत्तीतलं पॅराफिन ही त्यांची उदाहरणं.

आता ‘पिष्ट’. संस्कृत पिष् म्हणजे दळणं, पिष्ट म्हणजे दळलेलं. त्यावरूनच आपलं ‘पीठ’ आलं, आणि दळलेलंच पुन्हा दळणं म्हणजे ‘पिष्टपेषण’. पिठात मुख्य भाग स्टार्चचा, म्हणून स्टार्चला पिष्ट म्हणणं साहजिक झालं. गंमत पाहा, ग्रीकांनी त्याच पदार्थाला नेमकं उलट नाव दिलं. ‘अमायलॉन’ म्हणजे जात्यात न दळलेलं. धान्य भिजवून, चुरून, गाळून तळाशी बसलेला पांढरा चीक ते वेगळा काढत. त्याला जातं लागत नसे. अमायलोज आणि अमायलोपेक्टिन (स्टार्चचे दोन घटक), अमायलेज (स्टार्च तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम) या सगळ्या नावांत ते न दळलेलं धान्य बसलं आहे. इंग्रजी ‘स्टार्च’ मात्र ताठपणावरून आला. मराठीत त्या कामासाठी ‘खळ’ हा शब्द जिवंत आहेच: कपड्याला खळ देतात, आणि कागदाला चिकटवायचीही खळच.

म्हणजे पिष्टमय पदार्थ = स्टार्च असलेले पदार्थ. साखर पिष्टमय नाही, मध पिष्टमय नाही, कापूसही पिष्टमय नाही. पण साखर आणि कापूस ही दोन्ही जवळजवळ शुद्ध कर्बोदकं, आणि मधातल्या घन भागातही कर्बोदकंच मुख्य. हा फरक डोळ्यांनी बघता येतो. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला आणि सगळं ३०० मिलिलिटर करा. (नुसतं आयोडीन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून आयोडाइड आधी.) १ ग्रॅम स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओता, ढवळा आणि पूर्ण गार होऊ द्या. या खळीत आयोडीनचे दोन थेंब टाकले की गर्द निळा रंग येतो. साखरेच्या पाण्यात आणि औषधी कापसावर तेच थेंब टाकले तर आयोडीनचा स्वतःचा पिवळा-तपकिरी रंग तेवढा दिसतो.

कारण रचनेत आहे. स्टार्चमधला अमायलोज हा ग्लुकोजच्या शेकडो ते हजारो घटकांची लांब साखळी असतो आणि तो स्प्रिंगसारखा वळतो. त्या वळ्यांच्या पोकळीत आयोडीनचे रेणू ओळीने बसतात आणि निळा रंग येतो. कापसातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच, पण तिथे घटकांना जोडणारा बंध अल्फा नसून बीटा, म्हणजे वेगळ्या दिशेचा. त्यामुळे साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट चिकटून तंतू होतो, आणि आयोडीनला शिरायला पोकळीच मिळत नाही. आपल्या पचनसंस्थेत स्टार्च तोडणारं विकर आहे, सेल्युलोज तोडणारं नाही. एका बंधाची दिशा बदलली की एक रेणू अन्न ठरतो आणि दुसरा तंतू. ‘कर्बोदक’ हा शब्द दोघांना सामावून घेतो; ‘पिष्टमय’ला ते जमत नाही.

हा प्रयोग फसतो तो ठरावीक ठिकाणी. खळ गरम असताना थेंब टाकला तर निळा रंग येत नाही किंवा लगेच जातो, कारण उष्णतेने वळी सैल होते. गार झाल्यावर रंग परत येतो. आयोडीन जास्त दाट असेल तर सगळंच तपकिरी दिसतं. कापसाऐवजी नव्या कापडाचा तुकडा घेतला तर तो निळा पडू शकतो, तो सेल्युलोजमुळे नव्हे, तर दिलेल्या खळीमुळे. कागदाचंही तसंच. आणि तयार दळलेल्या साखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा मक्याचा स्टार्च घातलेला असतो, तीही निळी पडते. प्रयोगाला खडीसाखर किंवा दाणेदार साखरच घ्या.

आता या शब्दफरकाने आकडे कसे बिघडतात ते पाहू. १०० ग्रॅम पदार्थात पाणी १०, प्रथिनं १२, स्निग्ध २ आणि खनिजं २ ग्रॅम असतील, तर उरलेले ७४ ग्रॅम ‘एकूण कर्बोदके’ म्हणून लिहितात. हा आकडा बहुधा असा वजाबाकीने येतो. त्यातले ११ ग्रॅम तंतू (फायबर) आणि १ ग्रॅम शर्करा असेल, तर स्टार्च साधारण ६२ ग्रॅम. भाषांतरात ‘पिष्टमय पदार्थ ७४ ग्रॅम’ लिहिलं की १२ ग्रॅमची चूक झाली. ऊर्जेतही फरक पडतो: पचणाऱ्या कर्बोदकांचे ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी धरतात, तंतूंचे सुमारे २. मूळ मजकूर कुठला तेही बघावं. अमेरिकी लेबलावर एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, युरोपीय संघाच्या लेबलावर कर्बोदकांच्या आकड्यात ते नसतात, वेगळे लिहितात.

राहिली शर्करा. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडा, रेव, वाळू. दाणेदार गोड पदार्थ तसाच दिसतो म्हणून त्याला ते नाव पडलं. प्राकृतातून आपली ‘साखर’ झाली. फारसी शकर, अरबी सुक्कर, ग्रीक साखारॉन, लॅटिन सॅकरम हे सगळे तिथलेच प्रवासी. म्हणून ‘सॅकराइड’साठी ‘शर्करा’ घेतला तेव्हा खरं तर आपलाच शब्द घरी परत आला. एकशर्करा (ग्लुकोज, फ्रुक्टोज), द्विशर्करा (सुक्रोज, लॅक्टोज, माल्टोज), बहुशर्करा (स्टार्च, प्राण्यांच्या शरीरात ग्लुकोज साठवणारा ग्लायकोजेन, सेल्युलोज) ही विभागणी चांगली आहे. एक धोका मात्र ‘बहु’चा. ‘बहुशर्करायुक्त आहार’ वाचून कुणालाही ‘खूप साखर असलेला’ असंच वाटेल, आणि लेखकाला कदाचित स्टार्च म्हणायचा असेल. अशा जागी ‘पॉलिसॅकराइड’ किंवा सरळ ‘स्टार्च’ लिहावं. ‘बहुशर्कराइड’ हे जोडकाम नको.

तेव्हा सर्वसाधारण मजकुरात एक शिस्त पाळावी: ‘साखर’ म्हणजे सुक्रोज, ‘शर्करा’ म्हणजे गट. शर्करा गोड असलीच पाहिजे असंही नाही. दुधातला लॅक्टोज साखरेच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच गोड लागतो. रक्तात सुक्रोज फिरत नाही. खाल्लेली साखर लहान आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटते, आणि तपासणीत मोजतात तो ग्लुकोज. निरोगी प्रौढाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ लिटर रक्तात मिळून फक्त साडेतीन ते ५ ग्रॅम. म्हणून वैद्यकीय मजकुरात ‘रक्तशर्करा’ किंवा ‘रक्तातला ग्लुकोज’ लिहावं. बोलताना ‘साखर वाढली’ म्हणतात, त्यात काही बिघडत नाही. पण ‘मी साखर खात नाही, मग रक्तात कुठून आली?’ हा प्रश्न त्या एका शब्दातूनच उगवतो. ती स्टार्चमधूनही येते, आणि उपाशीपोटी यकृतातल्या ग्लायकोजेनमधूनही.

जाता जाता लेखनातली एक चूक, जिने अर्थ उलटा होतो. शेवटी ‘-ओज’ असेल तर तो पदार्थ शर्करा किंवा कर्बोदक. ‘-एज’ असेल तर ते तोडणारं विकर. लॅक्टोज आणि लॅक्टेज, माल्टोज आणि माल्टेज, सेल्युलोज आणि सेल्युलेज. ‘दूध पचत नाही कारण लॅक्टोज कमी आहे’ असं वाक्य छापून येतं. कमी असतो तो लॅक्टेज. लॅक्टोज तर न पचता मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात, आणि पोट फुगतं ते त्यामुळे.