ऑडिओबुकची वर्गणी चालू ठेवू की बंद करू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: घर चिपळूणला, नोकरी रत्नागिरीला. रोजच्या गाडीत काहीतरी ऐकावं म्हणून दीड वर्षापूर्वी ऑडिओबुकची वर्गणी घेतली, महिन्याला २०० रुपये जातात. एप्रिलमध्ये बदली होऊन ऑफिस चिपळुणातच आलं. तेव्हापासून तीन महिन्यांत जेमतेम दोन पुस्तकं झाली. सवयच मोडली असं वाटतं, तरी वर्गणी बंद करायला मन धजत नाही, कारण यादीत चाळीस पुस्तकं जमवून ठेवली आहेत. आणि अगदी शेवटी एक ओळ: 'आई रात्री कधीकधी लावून घेते.'

माझं उत्तर आधीच सांगते. तुमच्यापुरती बंद करा, पण त्या शेवटच्या ओळीचा छडा लावल्याशिवाय करू नका.

मी रत्नागिरीजवळच्या पावस गावची. घरी शिवणकाम करते, ह्यांची हापूसची थोडी बाग आहे. गेल्या पाच वर्षांत ही वर्गणी मी तीनदा बंद केली आणि तीनदा पुन्हा घेतली. त्यातली पहिली वेळ साफ चुकली होती, ते पुढे सांगते.

सवय मोडली म्हणून स्वतःला बोल लावू नका. तुमचं ऐकणं त्या गाडीला बांधलेलं होतं. संगमेश्वर सुटलं, उक्षी मागे पडली की करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. तिथे रेंज जाते आणि पुस्तक आधी फोनमध्ये उतरवून (म्हणजे डाउनलोड करून) ठेवलेलं नसेल तर वाक्य मधेच तुटतं. वर्षभर तुम्ही त्या वाटेने ऐकत गेलात, म्हणजे आदल्या रात्री पुस्तक उतरवून ठेवण्याएवढी ओढ तुम्हाला होती. आता ऑफिस दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटांत गोष्ट रंगात येत नाही, आणि घरी आल्यावर कानाला दुसरी शंभर कामं असतात.

साधा हिशेब करून बघा. गाडीत रोज दोन तास ऐकलंत असं धरलं आणि महिन्याचे वीस दिवस घेतले तर चाळीस तास होतात, म्हणजे तासाला ५ रुपये. आताच्या तीन महिन्यांत गेले ६०० रुपये. दोन पुस्तकांचे मिळून पंधरा तास धरले तर तासाला ४० रुपये पडले. पुस्तकं तीच, ॲप तेच, वाचणाराही तोच. तुमच्या दिवसातली ऐकायची जागा तेवढी गेली. ॲपवर किती हजार पुस्तकं आहेत हा आकडा म्हणूनच माझ्या लेखी फार कामाचा नाही. हात गुंतलेले आणि कान मोकळे असा वेळ दिवसात कुठे आहे, हे आधी शोधायचं.

आणि प्रत्येक हातकामात ऐकता येतं असंही नाही, हे मी अनुभवाने शिकले. साडीला फॉल लावताना येतं. हुक, काजं, हेमिंग या सगळ्यात येतं. एका फॉलला मला साधारण तास लागतो, त्यामुळे बारा तासांची कादंबरी म्हणजे बारा साड्या असा माझा हिशेब बसलाय. पण ब्लाउजचं कटिंग करताना मी पुस्तक बंद ठेवते. एकदा गोष्टीत गुंगून छातीचं माप घालायचं तिथे कमरेचं घातलं आणि कापड वाया गेलं. आंब्याच्या पेट्या भरतानाही तेच. आकार बघून वेगळे करायचे, डझन मोजायचे, गवत घालायचं, त्यात कोणी दुसरं बोलत असेल तर मोजणी चुकतेच. ज्या कामात आकडा आहे त्या कामात पुस्तक ऐकू नये.

म्हणून मी हंगाम बघून वर्गणी घेते. पाडव्यापासून मेअखेरपर्यंत आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, त्या महिन्यांचे पैसे भरण्यात अर्थ नाही. मिरग लागला, पाऊस धरला की दुपारी दार लावून बसायचं आणि गणपतीच्या ऑर्डरी संपवायच्या. जून ते सप्टेंबर मी दिवसाला तीन-तीन तास ऐकते. दिवाळीनंतर पुन्हा बंद. वर्षभर पैसे भरलेच पाहिजेत असं कोणी सांगितलेलं नाही. बंद केलेली वर्गणी काही महिन्यांनीही त्याच खात्यात परत सुरू करता येते. वर्षाचे एकदम भरले की स्वस्त पडतं हे खरं, पण माझ्यासारखीने मोकळे महिने मोजून मगच ते करावं.

पावसाळ्यात एक काळजी घ्यायची. वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. त्यामुळे दोन पुस्तकं नेहमी फोनमध्ये उतरवलेली हवीत. साध्या दर्जाच्या आवाजाला फार जागा लागत नाही, ६४ केबीपीएसला (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) तासाला २९ एमबीच्या आसपास. दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत बसतं.

आता ती चूक.

आमचे सासरे, अण्णा, आयुष्यभर वाचत आले. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. अण्णा तिथले जुने सभासद. दर पंधरा दिवसांनी पावसहून एसटीने जायचे आणि पिशवीत पुस्तकं घेऊन यायचे. मग काचबिंदू झाला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची एवढंच हातात असतं. पुस्तकाची पानं त्यांच्यासाठी संपली. त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

वर्गणी मी माझ्यासाठी घेतली होती. घरातला जुना फोन अण्णांकडे होता, त्यावर माझ्या लेकीने माझंच खातं उघडून दिलं आणि ॲपचं चिन्ह पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एकटं ठेवलं, म्हणजे बोट अंदाजाने तिथे जाईल. मला वाटायचं अण्णा रेडिओ ऐकतात. पहिल्या वर्षी मे महिन्यात मी माझे तास मोजले, शून्य निघाले, आणि वर्गणी बंद केली. आठ-दहा दिवसांनी पहाटे पाणी तापवायला उठले तर अण्णा अंधारात पडवीवर बसलेले, फोन कानाशी, आणि फोनमधून काहीच आवाज नाही. विचारलं तर म्हणाले, 'बिघडलाय वाटतं. राहू दे, तुमची कामाची घाई आहे.' ते पहाटे चारपासून उजाडेपर्यंत रोज ऐकत होते. कादंबरी अर्ध्यावर होती. पैसे मुलगा-सून भरतात म्हणून आठ दिवस बोलले नाहीत.

मला त्या दिवशी फार लागलं. त्याच सकाळी वर्गणी परत घेतली.

अण्णांमुळेच मला वर्गणीच्या दोन रीती नीट कळल्या. एका रीतीत महिन्याचे पैसे भरले की सगळं दालन उघडं, हवं ते ऐका. पण वर्गणी थांबली की सगळं बंद, फोनमध्ये उतरवलेलंसुद्धा. दुसऱ्या रीतीत दर महिन्याला एक क्रेडिट मिळतं, त्यातून एक पुस्तक घ्यायचं, आणि घेतलेलं पुस्तक वर्गणी बंद केल्यावरही तुमच्या खात्यात राहतं. मी एक संपलं की दुसरं लावते, मला पहिली रीत बरी. अण्णा एकच पुस्तक तीन-तीनदा ऐकतात, त्यांना दुसरी. तुमची कोणती आहे ते बघा. क्रेडिटची असेल तर बंद करण्याआधी साठलेली क्रेडिटं वापरून टाका, मागून ती मिळत नाहीत. ॲपचे नियमही अधूनमधून बदलतात, तेव्हा बंद करण्याच्या पानावरचा मजकूर सावकाश वाचा.

चाळीस पुस्तकांच्या यादीचं म्हणाल तर ती वहीत उतरवून काढा. माझ्या यादीत एकतीस होती. लिहिताना लक्षात आलं की त्यातली सहाच मला आज रात्री लावावीशी वाटतात. तुमच्या चाळिसातली काही जुनी असतील, त्यांच्यासाठी पैसे भरायची गरजही नसेल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मजकूर सगळ्यांसाठी खुला होतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे दापोली तालुक्यातल्या त्यांच्या पालगडच्या आठवणी २०११ पासून कोणीही वाचून दाखवू शकतो, आणि त्या फुकट ऐकायला मिळतात. हरिभाऊ आपटे, गडकरी यांचंही तसंच. फक्त एक लक्षात असू द्या, मजकूर खुला झाला तरी कोणी केलेल्या ध्वनिमुद्रणावर त्याचा वेगळा हक्क असतो, ते उचलून दुसरीकडे टाकू नये.

मग पैसे कशाचे द्यायचे? माझ्या मते नव्या लेखनाचे आणि चांगल्या आवाजाचे. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आलं तेव्हापासून मराठीत बरंच काम झालंय, पुढच्याच वर्षी ऑडिबलही आलं. कसलेला वाचक पात्रागणिक आवाज न बदलताही कोण बोलतंय ते कळू देतो. वाईट वाचक चांगल्या कादंबरीचा जीव घेतो. नमुन्याची पाच मिनिटं ऐकल्याशिवाय मी आजवर पुस्तक घेतलेलं नाही. वेगही बघा. मी सव्वापट वेगाने ऐकते, दहा तासांचं पुस्तक आठ तासांत होतं. अण्णा नेहमीच्याहून थोडं हळूच लावतात, त्यांना प्रत्येक शब्द हवा असतो.

आईंची नजर अधू झाली असेल तर अजून एक माहिती. केंद्र सरकारने २०१६ साली सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलंय, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी, आणि त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत. नुसता चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून तिथे सभासद होता येत नाही, पण दृष्टिदोष असेल तर जरूर चौकशी करा. आणि आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र आहेच, अण्णा संध्याकाळी तेच ऐकतात.

बंद करायचं ठरलं तर ते नीट बंद करा. एकदा मी नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं आणि समजले, झालं. चार महिने पैसे जात राहिले. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या पानावरून रद्द करायची. काही ॲपना तिथेच थोडे दिवस थांबवून ठेवायची सोय असते. यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी दिसते, तिथून रद्द करा. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू केलाय, पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. तो मेसेज आपण न वाचता पुसतो. या महिन्यात पुसू नका. आणि रद्द केल्यावरही भरलेल्या महिन्याचे उरलेले दिवस बहुतेक ठिकाणी ऐकता येतं, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघत बसायला नको.

हे सगळं करण्याआधी आईंशी बोला. आमच्याकडची म्हातारी माणसं 'मला हवंय' असं म्हणत नाहीत, तुमच्या आईही म्हणणार नाहीत. 'वर्गणी बंद करू का गं?' असं विचारलंत तर त्या लगेच 'कर हो, कशाला उगाच पैसे' म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी ॲपमध्ये ऐकलेल्या पुस्तकांची नोंद असते ती उघडून बघा, तुम्ही न लावलेलं काही तिथे आहे का. त्या ऐकता ऐकता झोपत असतील तर वीस मिनिटांचा टायमर लावून द्या, म्हणजे सकाळी गोष्ट सापडेल. आणि रात्री जेवताना सहज विचारा, 'आई, काल कुठपर्यंत आलीस?' त्या नुसतं हसून 'झोप लागली रे' म्हणाल्या, तर खुशाल बंद करा आणि बदली पुन्हा रत्नागिरीला झाली की परत घ्या. पण कोण कोणाची सून, कोणाचं घर कोणी बळकावलं, आणि ती बिचारी आता काय करणार, असं सगळं सांगायला लागल्या, तर पुढच्या तारखेचे २०० रुपये जाऊ द्या.