थुंकीत जंतू दिसले नाहीत, तरी सीबीनॅट कशासाठी?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय 62, मधुमेह) महिनाभर खोकला आहे आणि संध्याकाळी बारीक ताप येतो. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला, मात्र सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. डॉक्टरांनी आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी करायला सांगितली आहे. नातेवाईक म्हणतात, त्यापेक्षा रक्त तपासा, नाहीतर सरळ गोळ्या सुरू करा. आम्ही काय करावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि क्षयावरची पहिली गोळी घेण्याआधीच तो अमलात आणावा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर थुंकीत साधारण 5 ते 10 हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅटला तेवढ्याच थुंकीत सुमारे 130 जंतू पुरतात, कारण ही चाचणी जंतूच्या डीएनएमधला एक ठरावीक तुकडा यंत्रात असंख्य पटींनी वाढवून ओळखते.

हा तुकडा कोणता, याला फार महत्त्व आहे. तो जंतूच्या आरपीओबी या जनुकातला आहे आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या प्रमुख औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी जवळपास 95 टक्के जंतूंमध्ये याच भागात बदल झालेला असतो. त्यामुळे क्षय आहे का आणि असल्यास रिफाम्पिसिन लागू पडेल का, ही दोन्ही उत्तरे सुमारे दोन तासांत मिळतात. कल्चरमध्ये, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, हेच कळायला कित्येक आठवडे जातात आणि तेवढ्या काळात औषध लागू न पडणारा रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राहतो व घरातल्यांनाही संसर्ग देत राहतो. अंदाजाने गोळ्या सुरू करू नका, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

ट्रूनॅटचे तत्त्व हेच आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे हे यंत्र बॅटरीवर चालते, क्षयाचे उत्तर तासाभरात देते आणि रिफाम्पिसिनसाठी त्यात वेगळी चिप वापरावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली. सीबीनॅटच्या यंत्राला अखंड वीज आणि थंड खोली लागत असल्याने लहान आरोग्य केंद्रांसाठी ट्रूनॅट अधिक सोयीचे ठरते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात या चाचण्या मोफत होतात.

रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या विश्वासार्ह नसल्याने भारत सरकारने 2012 मध्येच त्यांच्यावर बंदी घातली. इग्रा या रक्तचाचणीवरून जंतूचा संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच समजते. आज रोग सक्रिय आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

यंत्र कितीही चांगले असले, तरी नमुना नुसत्या लाळेचा असेल तर निष्कर्षावर भिस्त ठेवता येत नाही. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून, मोकळ्या हवेत, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका द्यावा. निकाल निगेटिव्ह आला तरी तपास तिथे थांबवू नये. सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह पण कल्चरमध्ये पॉझिटिव्ह येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचा रोग सीबीनॅटमध्ये सापडतो, म्हणजे उरलेल्यांचा निसटतो. अशा वेळी दुसरा नमुना, कल्चर आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन करावा लागतो. दरम्यान खोकल्यासाठी कोणी लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक दिले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा; ते क्षयाचे जंतू अर्धवट दाबते, थोडे बरे वाटते आणि निदान लांबते.

प्रश्न : माझा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला. खात्रीसाठी पुन्हा सीबीनॅट केले तर ते पॉझिटिव्ह आले. रोग उलटला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : केवळ या निकालावरून तसे म्हणता येणार नाही. ही चाचणी डीएनए ओळखते आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए फुप्फुसात बराच काळ राहू शकतो. म्हणूनच उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी सीबीनॅट वापरत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि कल्चर करतात, कारण कल्चरमध्ये फक्त जिवंत जंतूच वाढतात. कल्चरसाठी थुंकी द्यावी, वजन व तापाची नोंद ठेवावी आणि कल्चरचा अहवाल पाहून डॉक्टर सांगेपर्यंत स्वतःहून गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत.