संगीतात एम.ए. केलेली मुलं पुढे जातात कुठे?

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावीला आहे. लहानपणापासून गाणं शिकते. आता बी.ए.ला संगीत घेऊन पुढे एम.ए. करायचं म्हणते. घरातली मोठी माणसं विचारतात, ‘विद्यापीठात गाणं शिकून कोण मोठं झालंय? गवई गुरूच्या घरीच घडतात.’ मला उत्तर सुचत नाही. तुम्ही इतकी वर्षं संगीत विभागात शिकवलंत. तुमचे विद्यार्थी पुढे काय झाले? – एक आई

उत्तर : घरच्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. गळा गुरूसमोर बसूनच तयार होतो. वीस जणांच्या वर्गात, घंटा वाजली की संपणाऱ्या तासात तो होत नाही. २९ वर्षं शिकवलं आणि दर जूनमध्ये पहिल्याच तासाला मुलांना मी हे सांगत आले.

पण ‘कोण मोठं झालंय’ याला उत्तर आहे. लखनौचं मॅरिस कॉलेज घ्या. पंडित भातखंड्यांच्या खटपटीतून ते १९२६ साली सुरू झालं. आज तिथे भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. संगीतकार रोशन तिथे अण्णासाहेब रातंजनकरांकडे शिकले, मग आकाशवाणीत इसराज वाजवायला लागले आणि तिथून चित्रपटांकडे गेले. तलत महमूद तिथेच शिकले. सुमती मुटाटकर तिथल्याच. त्यांनी आधी आकाशवाणीत आणि पुढे दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागात मोठी जबाबदारी सांभाळली. के. जी. गिंडे तिथून मुंबईला आले आणि वल्लभ संगीतालयात त्यांनी आयुष्यभर विद्या दिली. चौघांची तालीम एका छपराखालची, आणि चौघांनी केलेली कामं किती निराळी! घरच्यांना हे जरूर सांगा.

मुलीला मात्र माझ्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगा. बी.ए.ला आला तेव्हा त्याचा आवाज फुटत होता, आणि तो पुढेही कधी मनासारखा लागला नाही. एम.ए. झाल्यावर तो एका ध्वनिसंग्रहात लागला. जुन्या स्पूलच्या फिती संगणकावर उतरवून घ्यायचं काम. एकदा मी त्याच्याकडे गेले होते. समोर एक खोकं होतं, त्यावर पेन्सिलीनं तारीख आणि ‘भूप’, बस्स. गवयाचं नाव नाही, वेळ नाही. त्यानं कापसाच्या बोळ्यानं यंत्राचं हेड पुसलं, फीत चढवली आणि डोळे मिटून बसला. तानपुरे सुरू झाले, गवयानं सा लावला, आणि दुसऱ्याच आलापात तो वर जाऊन धैवतावर थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा धैवतावरच. यानं फीत थांबवली. म्हणाला, “मॅडम, हा भूप नाही. देशकार आहे.”

दोन्ही रागांचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. भूप गंधारावर रमतो, तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देशकार वरच्या अंगानं चालतो, धैवत धरून, आणि तो सकाळचा. म्हणजे इतकी वर्षं संध्याकाळची म्हणून नोंदलेली ती बैठक सकाळची होती. त्याच तारखेचं आणखी एक खोकं होतं; त्यानं दोन्हींचा क्रम बदलला, नोंदवहीत दुरुस्ती केली आणि समासात कारण लिहून सही केली. माझे डोळे भरून आले. हाच फरक दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी त्याला विचारला होता, आणि तेव्हा तो चुकला होता.

त्याचं नाव कुठल्या जाहिरातीत येणार नाही. पण उद्या कुणी ती बैठक ऐकेल, तेव्हा ती त्याच्यामुळे खऱ्या नावानं ऐकेल. माझ्या लेखी ही कर्तबगारीच आहे.

बाकीचे? काही शाळांमध्ये संगीतशिक्षक आहेत. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांना संगीत शिकवण्याची स्वतंत्र पदं असतात. दोघी-तिघी नेट देऊन प्राध्यापक झाल्या, त्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात. रंगमंचावर टिकलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि जे टिकले त्यांतला प्रत्येक जण कॉलेजच्या वेळाबाहेर गुरूकडे जात होता.

म्हणून मुलीला प्रवेश घेऊ द्या, पण गुरू सोडू देऊ नका. आणि पहिल्या वर्षापासून ऐकलेली बंदिश स्वरलिपीत स्वतः उतरवायची सवय लावा. छापील पुस्तकातली नक्कल नको. हा कान आणि हा हात विद्यापीठात तयार होतो, पुढे पोटाला उपयोगी पडतो तोही हाच.

प्रश्न : एम.ए. होऊन चार वर्षं झाली. कार्यक्रम मिळत नाहीत. दिवसा एका दुकानाचे हिशेब लिहितो. पदवी वाया गेली का? – एक वाचक

उत्तर : फिलिप ग्लास हे अमेरिकन संगीतकार न्यूयॉर्कच्या जुलियार्डचे पदवीधर. साठच्या दशकात पॅरिसमध्ये त्यांनी पंडित रविशंकरांचं चित्रपटासाठीचं संगीत पाश्चात्त्य वादकांकरता लिहून काढलं, आणि त्या कामातून लयीचा वेगळाच विचार त्यांना सापडला. लिहिण्याचा तो हात जुलियार्डच्या शिक्षणात तयार झालेला होता. पुढे अनेक वर्षं त्यांनी नळजोडणीची कामं केली, टॅक्सी चालवली. १९७६ साली त्यांचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये झाला, त्यानंतरही ते टॅक्सीवर परतले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. तुम्ही हिशेब लिहिता याची लाज बाळगू नका. रियाज सुटला असेल तर मात्र मला काळजी वाटेल, आणि त्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही.

आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेला बसा. बी श्रेणी मिळाली तरी ती मोठी सुरुवात आहे. बी-हाय, ए, टॉप या पायऱ्या मागाहून चढता येतात. नवे, अनवट राग घेऊन जाऊ नका. पाच वर्षं गळ्यात मुरलेले राग निवडा आणि रोज मोजून दहा मिनिटांत एक राग उभा करून बघा. पहिल्या दोन मिनिटांत राग दिसला नाही, तर पुन्हा सा लावा आणि पहिल्यापासून सुरू करा.