अमेरिकेत नामांकित कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच गेला की एवढा गहजब का होतो? एवढं नाव, एवढा पैसा असताना दुसरा कोच मिळायला अडचण कसली?

अडचण त्या नावाचीच असते. एप्रिल २०२४ मध्ये मी केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टनमध्ये नोकरीला होतो. त्या आठवड्यात अख्खं गाव कामधंदा सोडून कोच शोधत होतं, म्हणून जे पाहिलं तेच सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच असली की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून पळणारी माणसं लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे लेक्झिंग्टन मला फारसं परकं वाटलं नाही. केंटकीत एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ नाही, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलचा नाही, बेसबॉलचाही वरच्या लीगमधला नाही. जो काही जीव टाकायचा तो कॉलेजच्या टीमवर. केंटकी विद्यापीठाकडे आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. त्याहून जास्त फक्त लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडे, अकरा.

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. त्यांची नातवंडं त्यांना 'पापॉ' म्हणायची, तिकडच्या डोंगराळ भागातली ती पद्धत, म्हणून आम्हीही पापॉच म्हणायला लागलो. मॅच टीव्हीवर लावायची, टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि कॉमेंट्री रेडिओवर ऐकायची, असा त्यांचा शिरस्ता. चित्र आणि आवाज यांत काही सेकंदांचा फरक पडायचा, त्यामुळे बास्केट पडल्याचं कधी आधी ऐकू यायचं, कधी आधी दिसायचं. त्यांना त्याचं काही नव्हतं. मी मात्र पहिल्यांदा पाहुणा म्हणून बसलो तेव्हा पार गोंधळलो होतो.

आता मूळ गोष्ट. कोच होते जॉन कॅलिपारी. २००९ मध्ये आले, २०१२ मध्ये त्यांनी विजेतेपद जिंकून दिलं, आणि मग गाडी हळूहळू घसरली. २०२१ चा हंगाम ९ विजय, १६ पराभव. २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत सेंट पीटर्स नावाच्या चिमुकल्या कॉलेजने हरवलं. मार्च २०२४ मध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत, या वेळी मिशिगनमधल्या ओकलंडने, ८०-७६. ओकलंडच्या जॅक गोल्कीने एकट्याने दहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन-तीन गुणांचे बास्केट मारले. त्या रात्री पापॉंनी रेडिओ आणि टीव्ही दोन्ही बंद केले आणि बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. मार्चमध्ये तिथे अजून चांगलीच थंडी असते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचा एकच सूर: काढा याला. पण काढायचं कसं? २०१९ मध्ये विद्यापीठानेच त्यांच्याशी दहा वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला होता. लोक त्याला 'जन्मभराचा करार' म्हणायचे. मुदतीआधी काढायचं तर जी रक्कम द्यावी लागते तिला बायआउट म्हणतात, आणि ती होती ३ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या भावाने पावणेतीनशे कोटी रुपये, तेही घरी बसण्यासाठी. ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख मिच बार्नहार्ट, यांनी जाहीर करून टाकलं की कॅलिपारी राहणार. गावाने कपाळाला हात लावला.

आणि मग दहा-बारा दिवसांत सगळं उलटलं, तेही टेक्सासमधल्या एका घडामोडीमुळे. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने आपला कोच काढला आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या यूएससीमधून अँडी एनफिल्डना नेलं. यूएससीने ती जागा भरायला आर्कन्सॉचे एरिक मसलमन नेले. आर्कन्सॉची खुर्ची रिकामी झाली आणि तिथे चालले खुद्द कॅलिपारी! बदल्यांच्या मोसमात एका तलाठ्याची बदली झाली की पाठोपाठ चार गावांचे तलाठी हलतात, त्यातलाच हा प्रकार. विद्यापीठाला एक डॉलरही मोजावा लागला नाही. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

बातमी फुटली ७ एप्रिलला, रविवारी रात्री. सोमवारी सूर्यग्रहण होतं, खरंखुरं. राज्याच्या पश्चिम टोकाला खग्रास, आमच्याकडे सूर्याची नुसती कोर शिल्लक. ऑफिसबाहेर काळे चष्मे लावून उभी असलेली मंडळी वर आकाशाकडे बघत होती आणि बोलत होती कोचबद्दल.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढच्या तीन दिवसांत आहे. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की आपल्याला हवा तो माणूस मिळेल. केंटकी म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पहिलं नाव डॅन हर्ली, कनेक्टिकटचे. त्यांनी त्याच सोमवारी रात्री सलग दुसरं विजेतेपद जिंकलं होतं. ते आहेत तिथेच राहिले. दुसरं नाव टेक्सासमधल्या बेलरचे स्कॉट ड्रू, २०२१ चे विजेते. बुधवारी गावात ड्रू येणार याची जवळजवळ खात्रीच होती. लेक्झिंग्टनचा विमानतळ आणि कीनलंडचं रेसकोर्स समोरासमोर आहेत, आणि एप्रिलमध्ये तिथे घोड्यांच्या शर्यती चालू असतात. मी त्या संध्याकाळी गेलो होतो. डोक्यावरून छोटं जेट उतरलं की घोडे सोडून लोक माना वर करत. पापॉंनी सकाळीच माझ्याकडून फोनवर विमानं बघायचं ॲप टाकून घेतलं होतं आणि टेक्सासमधून निघालेलं प्रत्येक खासगी विमान ते मला मेसेज करून कळवत होते. त्यातलं एक नंतर औषध कंपनीचं निघालं.

गुरुवारी सकाळी ड्रूंनीही नकार कळवला.

ही माणसं नाही का म्हणतात? पैसा तर त्यांना मिळणारच असतो. पण जिथे आहेत तिथे त्यांनी स्वतः काहीतरी उभं केलेलं असतं, आणि तिथे वर्षातून दहा सामने हरले तरी भाजी आणायला बाहेर पडता येतं. केंटकीत नाही. टबी स्मिथ यांचंच बघा. १९९८ मध्ये, इथले कोच म्हणून पहिल्याच वर्षी, त्यांनी विजेतेपद जिंकलं. पुढे काही हंगामांत दहा पराभव झाले तर लोकांनी त्यांचं नाव 'टेन-लॉस टबी' ठेवलं. २००७ मध्ये ते कंटाळून मिनेसोटाला निघून गेले. त्यांच्या जागी आलेले बिली गिलिस्पी दोनच हंगाम टिकले. त्यांचा किस्सा तर आणखी भारी: दोन वर्षं काम केलं, पण पूर्ण करारावर सहीच झालेली नव्हती, नुसत्या प्राथमिक मसुद्यावर कारभार! काढल्यावर प्रकरण कोर्टात गेलं आणि विद्यापीठाला तडजोडीत सुमारे ३० लाख डॉलर द्यावे लागले. पुढे कॅलिपारींच्या करारात एवढी मोठी रक्कम लिहिली गेली, त्याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर ॲडॉल्फ रप. ४१ हंगाम, ८७६ विजय, चार विजेतेपदं. १९७२ मध्ये सत्तरी गाठल्यामुळे नियमाने निवृत्त केलं, त्यांची स्वतःची मुळीच इच्छा नव्हती. संघ आजही त्यांच्या नावाच्या रप अरीनामध्ये खेळतो. म्हणजे नव्या कोचने घरच्या मॅचला ज्या दारातून आत जायचं, त्या दारावर जुन्याचं नाव.

हे फक्त केंटकीचं नाही. यूसीएलएचे जॉन वुडन बारा वर्षांत दहा विजेतेपदं जिंकून १९७५ मध्ये थांबले. त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टो यांनी दोन वर्षांत ५२ सामने जिंकले आणि फक्त ९ हरले. तरी बोलणी संपेनात. शेवटी ते ती नोकरी सोडून अलाबामात, जिथे टीमच नव्हती तिथे, शून्यातून टीम उभी करायला गेले. ५२-९! आपल्याकडे एवढ्यावर मिरवणूक काढली असती.

अशा वेळी बाहेरचे मोठे नाही म्हणाले की कॉलेज घरच्या माणसाकडे वळतं. केंटकीनेही तेच केलं. मार्क पोप, १९९६ च्या विजेत्या संघाचे कॅप्टन. मधे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून कोचिंगमध्ये आलेले, आणि त्या वेळी युटामधल्या बीवाययूचे कोच. पण राष्ट्रीय स्पर्धेत कोच म्हणून एकही सामना जिंकलेला नाही. गुरुवारी रात्री नाव फुटलं तेव्हा गाव खवळलं. पापॉंनी मला एवढंच विचारलं, "आपल्यावर ही वेळ आली?"

मग शुक्रवारभर जुने खेळाडू एकेक करून पोपच्या बाजूने बोलायला लागले. १९९६ चे कोच रिक पिटिनो यांनी व्हिडिओ टाकला. रविवारी, १४ तारखेला, रप अरीनामध्ये पोपची ओळख करून देणारी पत्रकार परिषद होती, सगळ्यांना खुली, फुकट. पत्रकार परिषद, लक्षात घ्या, मॅच नव्हे. मी पापॉंना गाडीतून घेऊन गेलो. रांग बाहेर रस्त्यापर्यंत आलेली. त्यांच्या अंगात १९९६ चा स्वेटशर्ट, निळा रंग धुऊन धुऊन राखाडी झालेला. आत गेल्यावर गुडघे धरत धरत ते पायऱ्या चढले. वीस हजारांच्या घरात माणसं होती, वरच्या रांगांपर्यंत. एक बस थेट मैदानात आली, तिच्यातून १९९६ च्या संघातले खेळाडू उतरले आणि त्यांच्यात पोप, हातात तीच ट्रॉफी घेऊन. पापॉ रडत होते. मी न बघितल्यासारखं केलं.

मला विचाराल तर घरचा माणूस आणून कॉलेज काय विकत घेतं? त्याला बास्केटबॉल जास्त कळतो असं काही नाही. गावाचा थोडा धीर विकत घेतला जातो, एखाद-दोन वर्षांपुरता. तोही हमखास नाही. नॉर्थ कॅरोलायनात विजयांच्या संख्येत रपना मागे टाकणारे कोच डीन स्मिथ १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना निवृत्त झाले, त्यामुळे खुर्ची तीस वर्षं शेजारी बसलेल्या बिल गथ्रिज यांच्याकडे सरळ गेली. तीन वर्षांत त्यांनी दोनदा संघाला शेवटच्या चारांत नेलं. २००० मध्ये तेही थांबले, तेव्हा स्मिथ यांचे जुने सहायक रॉय विल्यम्स यांना बोलावलं, तर ते कॅन्ससमध्येच राहिले. मग मॅट डोहर्टी आले, स्मिथ यांच्याच हाताखाली खेळलेले, म्हणजे घरचेच. पण येताना त्यांनी आपले सहायक नोत्र दामहून आणले आणि जुन्यांना बाजूला केलं. पहिल्या वर्षी देशातले सर्वोत्तम कोच ठरले. दुसऱ्या वर्षी ८ विजय, २० पराभव. २००३ मध्ये गेले. तेव्हा मात्र रॉय विल्यम्स आले आणि २००५ मध्ये विजेतेपद जिंकलं, बऱ्याच अंशी डोहर्टींनीच गोळा केलेल्या पोरांच्या जिवावर. डोहर्टींचं वाईट वाटतं ते यासाठी.

हल्ली यात आणखी एक भानगड आहे. पूर्वी कोच बदलला तरी मुलं तिथेच असायची. आता ट्रान्स्फर पोर्टल आहे. कोच गेला की खेळाडूंना दुसरं कॉलेज धरायची मोकळीक मिळते, आणि नाव वापरू देण्याचे पैसेही मिळतात. पोप आले तेव्हा आदल्या वर्षी खेळलेला, शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू उरला नाही. काही एनबीएकडे गेले, काही कॅलिपारींच्या मागोमाग आर्कन्सॉला. भाडेकरूने जाताना पंखे आणि बल्बसुद्धा काढून न्यावेत, तसं. पुढच्या काही आठवड्यांत पोपनी वेगवेगळ्या कॉलेजांतून माणसं उचलून नवा संघ जुळवला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच संघाने ड्यूकसारख्या बड्या संघाला हरवलं.

१ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी आर्कन्सॉला घेऊन रप अरीनामध्ये आले. हुर्यो झाली, थोड्या टाळ्याही पडल्या, आणि ते ८९-७९ ने जिंकून गेले. तरी त्या वर्षी पोपचा संघ शेवटच्या सोळांत पोचला, त्यामुळे गाव खूश होतं.

मी त्यानंतर शिकागोला आलो. डिसेंबर २०२५ मध्ये नॅशव्हिलला गोंझागाने केंटकीला ९४-५९ असं धुतलं आणि निळे कपडे घालून आलेल्या आपल्याच लोकांनी संघाची हुर्यो उडवली. ट्रॉफी घेऊन बसमधून उतरण्याला तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. मी पापॉंना फोन केला. पाच मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलले, मॅचचं नावही काढलं नाही. ठेवता ठेवता म्हणाले, ते विमानांचं ॲप फोनमध्ये चालत नाहीये, नवीन कसं टाकायचं?