अर्जात जहाजाचं नाव लिही

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आपल्या तात्यांच्या, १९७१ च्या युद्धातल्या राहिलेल्या मेडलसाठी तू लिहिलेल्या अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तो तात्यांचा शेजारी म्हणून, आणि गळा दाटून आला. दुसऱ्यांदा वाचला तो नौदलात रायटर म्हणून आयुष्यभर कागद हाताळलेला माणूस म्हणून. कचेरीचं काम करणाऱ्या खलाशाला आमच्याकडे रायटर म्हणतात. या दुसऱ्या वाचनात जे दिसलं ते तुला स्पष्ट सांगतो, कारण तू मनापासून लिहिलं आहेस आणि तुझी मेहनत फुकट जाऊ नये. साडेतीन पानांत तू तात्यांचं धैर्य लिहिलंस, पन्नास वर्षांची उपेक्षा लिहिलीस, आजीचे हाल लिहिलेस. तात्यांच्या जहाजाचं नाव मात्र एकदाही लिहिलं नाहीस.

तुझा अर्ज ज्याच्या टेबलावर जाईल त्या माणसाचा विचार कर. तो तात्यांना ओळखत नाही. तो नंबरावरून कागद काढणार आणि बघणार: हा खलाशी १९७१ च्या डिसेंबरात कुठल्या जहाजावर होता, कधी चढला, कधी उतरला, आणि ते जहाज त्या दिवसांत कुठे होतं. हे जुळलं तर त्याला पुढे लिहिता येतं. नाही जुळलं तर तुझी साडेतीन पानं वाचून त्याला कितीही वाईट वाटलं तरी त्याच्या हातात काही नसतं. म्हणून अर्ज एका पानाचा कर. पूर्ण नाव, नंबर, हुद्दा, जहाज, चढल्याची आणि उतरल्याची तारीख, कुठल्या मेडलची नोंद नाही, आणि सोबत काय जोडलंय. बस. नंबराच्या शेवटी जे इंग्रजी अक्षर असतं ते गाळू नकोस, तू गाळलं आहेस. आणि नाव डिस्चार्ज बुकात, म्हणजे नौदल सोडताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, जसं आहे तसंच लिही. आपल्याकडचे सावंत कुठे डब्ल्यूने असतात, कुठे व्हीने. आधारवर वेगळं असेल तर ते एका ओळीत सांग, पण अर्जातलं नाव बुकातलंच.

आता नेमकं काय राहिलंय ते समजून घे, कारण तू 'युद्धाचं मेडल मिळालं नाही' असं लिहिलंस आणि ते बरोबर नाही. तात्यांच्या बुकात संग्राम मेडल आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे, जे १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांना मिळालं. नऊ वर्षांच्या सेवेचंही आहे. नाही तो पश्चिमी स्टार. संग्राम मेडलचा काळ मोठा आहे, ३ डिसेंबर १९७१ पासून पुढच्या वर्षाच्या २० डिसेंबरपर्यंत. स्टारचा काळ मोजून पंधरा दिवसांचा, ३ ते १७ डिसेंबर १९७१, आणि तो पश्चिमेच्या रणक्षेत्रात असलेल्यांसाठी. पूर्वेकडच्यांसाठी पूर्वी स्टार, तो १६ डिसेंबरपर्यंत. त्यामुळे संग्राम मेडल एवढंच सांगतं की माणूस त्या काळात सेवेत होता. त्या पंधरा दिवसांत तो नेमका कुठे होता, हे तुला दाखवायचं आहे.

तात्या जानेवारीत जहाज सोडून कोर्ससाठी लोणावळ्याला गेले. स्टार जाहीर झाले ते त्यानंतर. बदली झालेल्या माणसाचं नाव अशा वेळी मागे राहू शकतं, कारण त्याची आठवण करून द्यायला तो तिथे नसतो. कोणाचं चुकलं हे शोधत बसू नकोस आणि अर्जात तर ते अजिबात लिहू नकोस.

अजून एक शक्यता आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कदाचित मूळ कागदात स्टारची नोंद असेलही, फक्त बुकात उतरायची राहिली असेल. म्हणून मागणी दोन वाक्यांत कर. पहिलं: माझ्या सेवा अभिलेखात पश्चिमी स्टारची नोंद आहे का ते कळवावं. दुसरं: नसल्यास जहाजावरच्या सेवेच्या आधारे पात्रता तपासून नोंद घ्यावी आणि मेडल द्यावं. सगळं तात्यांच्या तोंडून, त्यांच्या सहीनं. तू नात आहेस, अर्जदार ते आहेत.

आता आजीची ट्रंक. माझा खरा भरवसा तिच्यावर आहे. त्या काळी जहाजावरच्या माणसाचं टपाल मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत जायचं-यायचं, आणि पत्त्यात जहाजाचं नाव असायचं. तात्यांनी घरी लिहिलेली आंतरदेशीय पत्रं, आजीने परत आलेलं एखादं पाकीट जपलं असेल तर ते, आणि मनीऑर्डरची कुपनं, एवढं शोध. कोकणातली निम्मी घरं त्या कुपनांवर चालली, म्हणून आपल्या बायकांनी ती देवाच्या पोथीबरोबर ठेवली. तारखेचा शिक्का वाचता येत असेल असं एक जरी डिसेंबरचं सापडलं तरी त्याची रंगीत झेरॉक्स काढ. मूळ कागद कोणालाही देऊ नकोस, मलाही नको. मुख्य आधार जहाजावरच्या नेमणुकीच्या तारखांचाच, ही कुपनं त्याला टेकू म्हणून.

पण ट्रंक उघडण्याआधी तात्यांजवळ बस. तू लिहिलंस की ते म्हणतात, 'जावंदे गो, माका आता काय करूचा हा तेचा?' आणि तुला वाटतं त्यांना मेडलची पर्वा नाही. बाय, मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. २०२३ ला ४ डिसेंबरचा नौदल दिन आपल्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. गुडघ्यांमुळे त्यांना जाता आलं नाही. मी दुपारी गेलो तर कोट चढवून, तीन मेडलं लावून ते टीव्हीसमोर बसले होते. ज्याला पर्वा नसते तो घरात कोट घालून बसत नाही.

त्यांच्या 'नको'मागे काय आहे ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. त्या १७६ मध्ये तात्यांचा एक बॅचमेट होता, एकाच बाकावर जेवलेला. तात्या त्या वेळी आपल्या जहाजाच्या बॉयलर रूममध्ये होते. स्टोकरला, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्या खलाशाला, युद्ध दिसत नाही, त्याला फक्त हुकूम ऐकू येतात आणि वाफेचा काटा दिसतो. बातमी कळली ती वॉच, म्हणजे पाळी, संपल्यावर. तेव्हापासून त्यांच्या मनात असं आहे की जो गेला त्याच्यापुढे आपण काय मागायचं. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि तूही द्यायला जाऊ नकोस. फक्त ऐक, आणि मग विचार, 'तात्या, तुम्ही त्या रात्री कुठे होता ते कागदावर असू दे का?' ते नाही म्हणाले तर अर्ज फाडून टाक. हो म्हणाले तर एक दिवसही थांबू नकोस.

एक दिवसही, हे मी भोगलेलं सांगतो. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या खलाशाचा असाच अर्ज मी लिहिला होता. तुझ्यासारखाच, भावनेनं भरलेला. उत्तर आलं, जहाज आणि तारखा कळवा. शेतीची कामं होती, पाऊस होता, मी म्हटलं गणपती झाले की लिहू. ते गणपतीच्या आधी गेले. त्यांच्या बायकोनं ते उत्तर माझ्याकडे आणून दिलं आणि विचारलं, ह्याचं आता काय करायचं? ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

पाठवायचं कुठे ते सोपं आहे. खलाशांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्ज तिथेच, स्पीड पोस्टने, पावती जपून. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दे आणि पोच घे. त्यांच्या शिफारशीचं पत्र जोडता आलं तर उत्तम. दोनेक महिन्यांनी एक स्मरणपत्र, जुन्या पावतीच्या झेरॉक्ससह. तरीही काही कळलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तात्यांच्याच नावाने, आणि मागणी एवढीच की माझ्या अभिलेखातल्या मेडलांच्या नोंदीची प्रत द्यावी. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहितीचा अर्ज आधी टाकू नकोस. समोरचा माणूस मदत करायला तयार असतो, त्याला पहिल्याच पत्रात कायद्याची भाषा कशाला?

तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांचं विचारलंस. ते मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे त्यांचा अर्ज बेळगावला. तिथे जहाजाच्या जागी बटालियन आणि कंपनी, आणि नोंद शोधायची ती पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदी ज्यात निघतात त्या लष्करी आदेशांत. बाकी सगळं हेच.

तुझे काका 'किती मिळणार' विचारतील. काहीही नाही. शौर्यपदकांना भत्ता असतो, पश्चिमी स्टारला नाही, पेन्शनही एक रुपयाने वाढणार नाही. हे त्यांना आत्ताच सांग, म्हणजे मधेच कोणी 'मी करून देतो' म्हणत आला तर त्याला कोणी पैसे देणार नाही. आणि मुंबईच्या दुकानात तसाच दिसणारा स्टार मिळतो, तो आणून तात्यांना वाढदिवसाला देऊ नकोस. खऱ्या मेडलवर माणसाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. तात्या ते आधी उलटं करून बघतील.

रविवारी सकाळी ये. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, ट्रंकेतलं जे सापडेल ते, आणि तात्यांना रिक्षात बसवून घेऊन ये. हात थरथरतो म्हणून सहीला ते लाजतात. अंगठा चालतो, मी आणि समोरचे गुरुजी साक्षीला आहोत. पण आधी त्यांना पेन दे. बसून, सावकाश, त्यांना करू दे.

तुझा,
रायटर काका